क्षयरोग्याच्या घरातील शिधा

१९५६ साली मद्रास शहरात क्षयरोगाच्या औषधोपचारासंबंधी संशोधन करणारे एक केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून उभ्या केलेल्या या केंद्रापुढे जो प्रश्न होता तो जितका शास्त्रीय होता तितकाच सरकारी खजिन्याचाही होता. देशात क्षयरोगी लक्षावधी आणि आरोग्यधामांतील खाटा त्या मानाने अगदीच अपुऱ्या, अशा स्थितीत ज्याला खाट मिळू शकत नाही त्याने काय करावे, हे कोणालाच नीटसे सांगता येत नव्हते. परिणामकारक औषधे नुकतीच हाती आली होती. परंतु स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती आणि पौष्टिक आहार या त्रयीवाचून क्षयरोगी बरा होत नाही, ही तीन पिढ्यांची श्रद्धा वैद्यकात इतकी दृढमूल झाली होती, की गरिबाच्या अंधाऱ्या खोलीत केवळ गोळ्या देऊन त्याला बरे करता येईल ही कल्पना अनेक अनुभवी वैद्यांना धाडसाची वाटे.

वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या प्रयोगात १९३ रोग्यांची, चिठ्ठी टाकावी तशी, यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामात दाखल करण्यात आले आणि दुसऱ्याला स्वतःच्या घरीच ठेवण्यात आले. औषधे मात्र दोघांनाही तीच, म्हणजे आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर देण्यात आली. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट होते, घरात दाटी होती, आणि पुष्कळांना उपचार चालू असतानाच कामावर जाणे भाग होते. आरोग्यधामातील रोग्यांना यांपैकी कसलीही ददात नव्हती, आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. असे असूनही वर्षाअखेर थुंकीतील जंतू नाहीसे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. घरी राहिलेल्या रोग्यांमुळे त्यांच्या कुटुंबीयांत रोग अधिक पसरला, असेही दिसून आले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या क्षयरोगनिवारणाचे धोरण पालटले. आरोग्यधामे ओस पडू लागली, आणि ज्या कोट्यवधी रोग्यांना खाट कधीच लाभली नसती त्यांना घरबसल्या उपचार मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतभूमीवर झालेल्या वैद्यकीय संशोधनापैकी इतके दूरगामी फळ देणारे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही, आणि त्याविषयी वाटणाऱ्या आदरात या लेखामुळे तिळभरही उणेपणा येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

परंतु त्या प्रयोगाने दिलेले उत्तर आणि पुढे त्याच्या नावावर रूढ झालेली समजूत या दोन भिन्न गोष्टी होत्या. औषधे नियमित घेतल्यास निकृष्ट आहारातही रोग्याच्या थुंकीतील जंतू नाहीसे होतात, एवढेच मद्रासने सिद्ध केले होते. यावरून क्षयरोगात आहाराला महत्त्व नाही असे मानण्याची प्रथा पडली, आणि अन्नाचा विचार क्षयरोगाच्या सरकारी दप्तरातून जवळजवळ बाद झाला. वस्तुतः दोन प्रश्न तेथे विचारलेच गेले नव्हते. अत्यंत कृश होऊन आलेला रोगी पहिल्या दोन महिन्यांत जगतो की मरतो, हा पहिला. आणि रोग्याशेजारी जेवणाऱ्या, त्याच्याच खोलीत निजणाऱ्या कुटुंबीयांना पोटभर अन्न मिळाले तर त्यांच्यापैकी कितीजण रोगातून वाचतील, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले, आणि ते मिळाले झारखंडातील आदिवासी खेड्यांत.

औषधे नव्हती त्या काळी वैद्यांना आहाराचे महत्त्व अनुभवाने ठाऊक होते. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा रोगाचे मूळ कारण हाती लागले असे वाटून आता परिस्थितीचा विचार करण्याचे प्रयोजन संपले, असे अनेकांना वाटले. स्वतः क्षयाने ग्रस्त असलेल्या एडवर्ड ट्रूडो या अमेरिकन वैद्याला मात्र तसे वाटले नाही. त्याने पंधरा ससे घेतले. पाचांना क्षयजंतू टोचून एका बेटावर मोकळ्या हवेत, मुबलक चाऱ्यावर सोडून दिले. पाचांना जंतू टोचून अंधाऱ्या, दमट जागी अपुऱ्या अन्नावर कोंडले. उरलेल्या पाचांना जंतू न टोचता तशाच हालात ठेवले. कोंडलेल्या जंतुबाधित सशांपैकी चार मेले, बेटावरच्या पाचांपैकी चार जगले, आणि तिसऱ्या गटातील ससे खंगले तरी त्यांना क्षय झाला नाही. जंतूवाचून रोग नाही हे खरे, पण जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असेही नाही, हे इतक्या थोडक्यात दाखविणारा प्रयोग विरळा. ट्रूडोने तो प्रसिद्ध केला १८८७ साली. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला, फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. वय अवघे एकवीस. परदेशातील कडाक्याची थंडी आणि शाकाहाराचे नियम सांभाळताना झालेली आबाळ यांनी त्यांची प्रकृती किती खालावली असेल याचा विचार मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे इंग्लंडात केंब्रिजनजीक पॅपवर्थ येथे पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी क्षयरोग्यांची एक वसाहत वसविली. रोगी तेथे सहकुटुंब राहत, झेपेल तेवढे काम करीत, त्याबद्दल वेतन घेत, आणि घरात खाण्यापिण्याची तंगी नसे. वसाहतीत जन्मलेल्या मुलांना क्षयजंतूंचा संसर्ग चुकला नव्हता, कारण आईबाप किंवा शेजारी रोगीच होते. परंतु त्यांच्यात रोग जवळजवळ उद्भवलाच नाही. आहाराबरोबर चांगली घरे आणि निश्चित मिळकत हीही तेथे असल्यामुळे श्रेय एकट्या अन्नाला देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंड-वेल्समधील क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वीच फार मोठ्या प्रमाणात घटले होते, आणि त्याचे कारण सुधारलेला आहार होय, असे टॉमस मॅक्‌कीओन यांनी मांडले. इतिहासकारांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. निरीक्षणे पुष्कळ होती, दिशाही एकच होती. परंतु दोन सारखे गट घेऊन एकाला अन्न द्यावे, दुसऱ्याला देऊ नये आणि फरक मोजावा, असा दाखला कोठेच नव्हता.

क्षयजंतूचा स्वभाव ध्यानात घेतला म्हणजे अन्नाचा संबंध कोठे येतो हे कळते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू केव्हा ना केव्हा शिरलेला असतो, पण त्यांच्यापैकी आयुष्यात रोग होतो तो शंभरात पाच ते दहा जणांनाच. बाकीच्यांच्या फुफ्फुसांत भक्षक पेशी जंतूंभोवती गराडा घालून बसतात, आणि हा गराडा शाबूत ठेवण्याचे काम टी-पेशी व त्यांनी स्रवलेला इंटरफेरॉन-गॅमा यांच्याकडे असते. उपासमारीत यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आक्रसते, टी-पेशींची संख्या व कार्यशक्ती घटते, प्रथिनांअभावी नव्या पेशी घडेनाशा होतात, आणि वर्षानुवर्षे दबून राहिलेला जंतू डोके वर काढतो. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्र संकलन करून २०१० साली लॉनरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., एका अंकाने वाढला की क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चौदा टक्क्यांनी उतरते. एच.आय.व्ही., मधुमेह, मद्य, तंबाखू ही क्षयाची कारणे वैद्यकीय शिक्षणात विस्ताराने शिकविली जातात. भारतात या सर्वांपेक्षा अधिक रोगी ज्या कारणाने निर्माण होतात ते अल्पपोषण मात्र बहुधा एका ओळीत उरकले जाते, याची मला खंत वाटते.

हे कारण ज्यांनी प्रत्यक्ष तराजूवर पाहिले त्यांच्यापैकी डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे होत. छत्तीसगढातील बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात आलेल्या १,६९५ प्रौढ क्षयरोग्यांची वजने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. पुरुषांचे मध्यक वजन होते ४२.१ किलो, स्त्रियांचे ३४.१ किलो. बी.एम.आय. १८.५ च्या खाली गेला म्हणजे अल्पपोषण मानतात. येथे पुरुषांचा मध्यक १६ आणि स्त्रियांचा १५ होता. चौतीस किलो म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या सुदृढ मुलीचे वजन, आणि ते येथे संसार चालविणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांचे होते. तीव्र अल्पपोषण असलेल्यांना उपचारकाळात मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

याच अनुभवातून 'रेशन्स' हा प्रयोग जन्मला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्याला अर्थसाह्य दिले. आणि विशेष आनंदाची गोष्ट अशी, की १९५६ च्या मद्रास केंद्राची उत्तराधिकारी असलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यात सहभागी झाली. झारखंडातील चार जिल्ह्यांत पसरलेली क्षयनियंत्रणाची २८ क्षेत्रे यदृच्छेने दोन गटांत वाटण्यात आली. ऑगस्ट २०१९ पासून जानेवारी २०२१ पर्यंत फुफ्फुसाचा क्षय झालेले २,८०० रोगी आणि त्यांचे १०,३४५ कुटुंबीय दाखल करून घेण्यात आले. त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतील होते, आणि कुटुंबीयांपैकी ३४ टक्के मुळातच अल्पपोषित होते. मधल्या काळात करोनाची साथ आली, टाळेबंदी झाली, तरी प्रयोग तडीस गेला. ज्यांनी खेड्यापाड्यांत फिरून तो चालविला त्यांच्या चिकाटीला तोड नाही.

रोग्याला दोन्ही गटांत दरमहा दहा किलोचा शिधा मिळत होता, कारण आजाऱ्याला उपाशी ठेवून प्रयोग करणे न्याय्य नव्हते. या शिध्यातून त्याला दिवसाकाठी १,२०० उष्मांक व ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. भेद होता तो कुटुंबीयांत. एका गटातील घरात प्रत्येक प्रौढ माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. मुलांना त्याच्या निम्मे. यातून माणशी रोज ७५० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने यांची भर पडत होती. दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना हा शिधा नव्हता. परदेशी औषध नाही, दुर्मिळ द्रव्य नाही. कोणत्याही वाण्याच्या दुकानी मिळणारे जिन्नस, आणि २०१९ च्या भावाने माणशी महिना सुमारे सव्वातीनशे रुपये खर्च.

दोन वर्षे या सर्वांवर देखरेख ठेवण्यात आली. शिधा न मिळालेल्या ४,७२४ कुटुंबीयांपैकी १२२ जणांना क्षय झाला. शिधा मिळालेल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना. गटागटांतील इतर भेदांची वजावट करून हिशेब मांडला तेव्हा सर्व प्रकारच्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि प्रयोगशाळेत जंतू सिद्ध झालेल्या फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी भरले. ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. क्षयाविरुद्ध ज्या नव्या लशीकडे आज सारे जग आशेने पाहत आहे, त्या एम-७२ लशीने जंतुबाधित प्रौढांतील आपल्या दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेत दिलेले संरक्षण सुमारे ५० टक्के होते, आणि तिची अखेरची परीक्षा अद्याप चालू आहे. दोन्ही प्रयोगांची माणसे वेगळी, पद्धती वेगळ्या, म्हणून त्या आकड्यांची सरळ तुलना करू नये. परंतु डाळतांदळाचा परिणाम लशीच्या पंक्तीला बसावा एवढा आहे, ही गोष्ट कोणत्याही चिकित्सकाने थांबून विचार करण्याजोगी आहे. तीस घरांना शिधा दिला असता एक क्षयरोगी टळतो, असाही हिशेब संशोधकांनी दिला आहे.

रोग्यांसंबंधीचा दुसरा लेख त्याच सुमारास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला, आणि व्यवहारी वैद्याला तो पहिल्याइतकाच उपयोगी पडावा. दाखल होताना रोग्यांचे सरासरी वजन ४२.६ किलो होते आणि शंभरात ऐंशीहून अधिक रोगी अल्पपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच रोग्यांना शिधा मिळत असल्यामुळे हा भाग तुलनात्मक प्रयोगाचा नसून निरीक्षणाचा आहे; ज्याचा रोग सौम्य त्याचे वजन आपोआप वाढते आणि तोच जगतोही, ही शक्यता पूर्णपणे निकालात काढता येत नाही. तथापि वजन वाढत नाही तो रोगी धोक्यात आहे एवढे तरी त्यावरून निश्चित ठरते, आणि ते ओळखण्यासाठी वजनकाट्यापलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही.

मुख्य प्रयोगावरही आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेच पाहिजेत. कोणाला शिधा मिळतो हे उघड होते. तांदळाच्या पोत्याला बनावट जोडीदार देता येत नाही. परिणामाचा अंदाज एका आकड्यात सांगितला जात असला तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती ३९ टक्क्यांची घट १५ टक्क्यांपासून ५७ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. डाळ, भात आणि गोळ्या एकत्रच दिल्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. उलट पक्षी, दुसऱ्या गटातील घरांतही रोग्याचा दहा किलोंचा शिधा येत होताच, आणि गरिबाच्या घरी आलेले धान्य एकट्याच्या पानात वाढले जात नाही. तेव्हा ज्या घरात काहीच येत नाही त्याच्याशी तुलना केली असती तर फरक कदाचित अधिकच भरला असता. मला स्वतःला हा शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. तसेच हे निष्कर्ष झारखंडासारख्या भुकेल्या मुलखाचे आहेत. मुंबई-पुण्यात क्षय घेऊन येणारा मधुमेही गृहस्थ निराळा. मधुमेहाने क्षयाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, आणि त्याच्या बाबतीत आहाराचा विचार रक्तशर्करेच्या अंगाने करावा लागतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथील घराला मात्र झारखंडाचा दाखला जसाच्या तसा लागू पडावा.

सरकारी पातळीवर पावले पडली आहेत. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली प्रत्येक रोग्याच्या खात्यात उपचारकाळात दरमहा ५०० रुपये जमा होत; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नाव नोंदविणारे नागरिक व संस्था रोग्यांना शिध्याचे संच पुरवितात, आणि २०२४ मध्ये या संचांची व्याप्ती रोग्याच्या कुटुंबीयांपर्यंत नेण्याचा निर्णय जाहीर झाला. तो झारखंडच्या प्रयोगाला धरूनच आहे. परंतु देणगीदाराच्या इच्छेवर अवलंबून असलेला शिधा आणि औषधाप्रमाणे हक्काने, वेळेवर, दर महिन्याला पोहोचणारा शिधा यांत महदंतर आहे. गोळ्यांचा पुरवठा आठवडाभर खंडित झाला तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडे जाब मागितला जातो. डाळ आली नाही तर तसा जाब मागण्याची तजवीज झाली पाहिजे. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि त्यांच्यापैकी सुमारे २६ टक्के भारतातले होते, हे लक्षात घेता हा खर्च जड म्हणता येत नाही.

दवाखान्यात बसणाऱ्या वैद्याला योजनेच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. निदानाच्या दिवशी वजन व उंची मोजून बी.एम.आय. काढावा, तो १४ च्या आसपास किंवा खाली असेल, रोग्याला उभे राहवत नसेल, तर त्याला घरी न धाडता दाखल करून घ्यावे, आणि अन्न सुरू करताना एकदम भडिमार न करता हळूहळू वाढवावे, कारण दीर्घ उपासमारीनंतर अकस्मात मिळालेल्या भरपूर अन्नाने रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरते. औषधांच्या मात्रा वजनावर ठरतात, म्हणून वजन वाढेल तशी मात्राही पुन्हा तपासावी. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पाच टक्के वाढ झाली नसेल तर थुंकी, रक्तशर्करा व एच.आय.व्ही. यांच्या चाचण्यांबरोबरच घरात खाणारी माणसे किती, शिधापत्रिका चालू आहे की बंद पडली आहे, महिन्याची डाळ किती दिवस पुरते आणि घरातली बाई सर्वांच्या शेवटी जेवते काय, ही चौकशी करावी. त्याच भेटीत कुटुंबीयांना बोलावून त्यांचीही वजने घ्यावी. ज्यांना खोकला आहे त्यांची तपासणी व्हावी, ज्यांना नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्या, आणि प्रत्येकाचे वजन रोग्याच्याच कागदावर त्याच्या नावाखाली लिहून ठेवावे, म्हणजे पुढल्या महिन्यात शिधा कोणाकोणाला पाहिजे हे निराळे विचारावे लागणार नाही.